पाचवं बक्षीस

महोत्सवाचे नऊ दिवस मी दरवर्षी ताईकडे राहायचो. महोत्सवाची इमारत तिच्या घरापासून पायी बारा मिनिटांवर. जिन्याखालची खोली माझी. एक पलंग, एक डगमगतं टेबल आणि खिडकीतून दिसणारी शेजारची भिंत. मला तेवढं पुरायचं.

मी वर्तमानपत्रात सिनेमावर लिहितो. वर्षभर लिहिलेली परीक्षणं कुणी वाचतं की नाही, देव जाणे. पण महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी मी एक स्तंभ लिहितो, तो सगळे वाचतात. मोठी पाच बक्षिसं कोणत्या सिनेमांना मिळणार याचा अंदाज. बक्षिसं दुसऱ्या दिवशी जाहीर होतात आणि लोक माझं किती चुकलं ते चवीने मोजतात. आदल्या वर्षी पाचांतलं एक बरोबर आलं होतं. संपादक म्हणाले, "यंदा तीन तरी आणा, नाहीतर ती जागा राशिभविष्याला देतो. त्यांचं निदान कुणी तपासत नाही."

भावोजी त्याच महोत्सवात मोठ्या सभागृहाचे डोअरकीपर होते. छत्तीस वर्षं एकच दार. सिनेमा सुरू झाला की दार लावायचं, बाहेर स्टूल टाकायचं आणि दाराला पाठ टेकून बसायचं. आत जाऊन त्यांनी एकही सिनेमा पाहिला नव्हता.

"पाठीला कळतं," ते म्हणायचे. "टुकार असला तर लाकूड नुसतं गुणगुणतं. चांगला असला की आत शिरतो. कळलं का, पत्रकारसाहेब?"

ते मला पत्रकारसाहेब म्हणायचे, अहो-जाहो करायचे, सगळं चेष्टेत. गंभीर झाले की अरे-तुरेवर यायचे. तसे ते क्वचितच गंभीर व्हायचे.

त्या वर्षी महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो, तर भावोजी बेसिनपाशी वाकून उभे होते आणि ताई त्यांच्या तोंडाला बर्फ लावत होती. खालचा ओठ मधोमध फाटला होता. बेसिनमध्ये, नळाच्या धारेखाली, एक दात पडला होता.

"कुणी मारलं?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"मग पडलात?"

"स्टुलावर बसलो होतो रे. बसलेला माणूस कुठे पडतो?"

ताईने दात उचलला, कागदात गुंडाळला आणि कचऱ्यात टाकला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेच मला खटकलं.

चौथ्या दिवशी त्यांच्या उजव्या तळहातावर भाजल्याची खूण होती. त्रिकोणी, एका बाजूला टोक. कातडी वर आली होती आणि कडेने काळी पडली होती. मी बघतच राहिलो. आम्हा पत्रकारांना प्रत्येक सिनेमा एक दिवस आधी छोट्या सभागृहात दाखवतात. लाँड्रीत काम करणाऱ्या बाईचा सिनेमा मी आदल्याच दिवशी पाहिला होता. त्यात ती नवऱ्याचा हात टेबलावर दाबून धरते आणि तापलेली इस्त्री त्यावर ठेवते. उजवा हात.

मग मला ओठ आठवला. महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या सभागृहात एका बंदरावरच्या मुष्टियोद्ध्याचा सिनेमा होता. पहिल्याच फेरीत त्याचा ओठ फाटतो, दात पडतो.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. म्हणून मी सरळ हिशेबाने विचार केला. स्पर्धेत अठरा सिनेमे होते. निम्म्यांत तरी मारामारी होती. तिसऱ्या दिवशी तर एका सिनेमात अख्खं गाव कापून काढलं होतं, आणि त्या संध्याकाळी भावोजी शीळ घालत घरी आले होते. मग हेच दोन का?

मी ताईला दोन्ही सिनेमांचं सांगितलं आणि विचारलं, हे आधीही झालंय का. तिने हात पुसले, कपाटाचा खालचा खण ओढला आणि दवाखान्याचे कागद माझ्यापुढे ठेवले. एकेका वर्षाचे कागद वेगळे, केसांच्या रबराने बांधलेले.

"महोत्सव आला की हे होतं," ती म्हणाली. "कधी तीनदा, कधी चारदा. आधी खरचटायचं नुसतं. आता वाढत चाललंय. तुला दरवेळी पडलो म्हणून सांगायचे."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? पोलीस आधी मलाच धरतील."

कागदांवर तारीख होती, वेळ होती. माझ्याकडे जुन्या वह्या होत्या. जिन्याखालच्या खोलीत बसून मी ते सगळं जुळवलं. निखळलेला खांदा, मंगळवार, दुपारी चार: त्या वेळी मोठ्या सभागृहात जो सिनेमा चालू होता त्याला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं होतं. मांडीवरचा चावा: विशेष पारितोषिक. मी तीन वर्षं मागे गेलो. एकही जखम वाया गेली नव्हती. ज्या विजेत्या सिनेमात कुणाला इजा होत नाही, त्याची तेवढी खूण सापडत नव्हती. आणि जखम जितकी खोल, तितकं बक्षीस मोठं.

मला भीती वाटायला हवी होती. मी वहीचं नवं पान उघडलं आणि लिहिलं: अभिनय, मुष्टियोद्धा. पटकथा, लाँड्री.

त्यानंतर मी रोज भावोजींची वाट बघू लागलो. जिन्यावर त्यांची पावलं वाजली की मी खोलीतून बाहेर यायचो. त्यांच्या चालण्यावरून, हात कसा धरलाय त्यावरून अंदाज घ्यायचो. खोटं कशाला बोलू, काही झालं नसलं की माझा विरस व्हायचा.

सहाव्या दिवशी डाव्या हाताची तीन नखं उपटलेली होती. सातव्या दिवशी दोन बरगड्या मोडल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ताईकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीकडे तोंड केलं. घरी येताना भावोजी प्रत्येक पायरीवर थांबत होते. तरी म्हणाले, "पत्रकारसाहेब, लोक सिनेमा बघून रडतात. मी न बघता रडतो. आहे की नाही कमाल?"

माझ्या वहीत चार नावं झाली. पाचवं, सगळ्यांत मोठं बक्षीस, तेवढं राहिलं.

शेवटच्या दिवशी दोनच सिनेमे उरले होते. दोन्ही मी पाहिले होते, दोन्ही उत्तम होते. बाराच्या सिनेमात एक म्हातारा आणि म्हातारी होडी दुरुस्त करतात. कुणी कुणावर साधा आवाजही चढवत नाही. तीनच्या सिनेमात दगडाच्या खाणीत काम करणारे दोन भाऊ तिसऱ्याला हातोड्याने मारतात. मारताना पडदा काळा होतो. फक्त आवाज येतो. अकरा घाव.

होडीच्या सिनेमाने खूण उमटणारच नव्हती. म्हणजे पाचवं नाव मला खाणीच्या सिनेमाकडूनच कळणार होतं.

सकाळी भावोजी पट्टा बांधलेल्या अंगाने टेबलाशी बसले होते. ताईने त्यांच्यासाठी सुट्टीचा अर्ज लिहून ठेवला होता. नुसती सही बाकी होती.

"छत्तीस वर्षांत शेवटचा दिवस चुकवला नाही," ते म्हणाले.

"अहो, बरगड्या मोडल्यात तुमच्या."

"बसायचंच तर आहे."

ताई माझ्याकडे वळली. "तू पाहिलेस ना दोन्ही? काय आहे त्यांत?"

भावोजींनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठावरचा टाका अजून निघाला नव्हता.

"तू सांग," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं करतो."

चेष्टा नव्हती. मी चहाचा कप खाली ठेवला.

"एकात म्हातारा-म्हातारी आहेत," मी म्हणालो. "होडी दुरुस्त करतात. दुसऱ्यात तीन भाऊ आहेत. खाणीत काम करतात."

"एवढंच?" ताईने विचारलं.

"संथ आहेत दोन्ही."

तिने अर्ज उचलला, दोन घड्या घातल्या आणि खणात टाकला.

मी मनाशी ठरवलं होतं, की घाव सुरू व्हायच्या आधी त्यांना दारापासून दूर न्यायचं. तो प्रसंग सिनेमात एक तास बेचाळीस मिनिटांनी येतो, हे मी घड्याळ लावून पाहिलं होतं. नुसती सुरुवात दिसली तरी मला पुरे होती. एखादा ओरखडा. मग त्यांना ओढून बाजूला घ्यायचं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं, की मला ते खरं वाटू लागलं होतं.

साडेचारला मी वरच्या मजल्यावर गेलो. लांब मार्गिका, लाल गालिचा, भिंतीवर जुन्या विजेत्यांचे फोटो. भावोजी स्टुलावर बसले होते, पाठ दाराला. मला पाहून त्यांनी हात वर केला.

"आज आत नाही?"

"पाहिलाय."

"कसा आहे?"

"पाठीला काय कळतंय?"

त्यांनी पाठ दाराला नीट टेकवली. मग म्हणाले, "शिरतोय."

चार वाजून बेचाळीस मिनिटं झाली. मी त्यांचा दंड धरला. "चला, भावोजी, जरा पाय मोकळे करू." ते उठले. बरगड्यांवर हात ठेवून माझ्याबरोबर चालू लागले. दहा पावलं. पंधरा. दार मागे राहिलं.

आतून पहिला घाव ऐकू आला.

भावोजींचं डोकं बाजूला फेकलं गेलं. कुणीतरी हाणावं तसं. माझ्या हातातला दंड सुटला.

मार्गिकेत आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं.

दुसरा घाव. ते गुडघ्यांवर आले. कानाच्या वर कवटी आत गेलेली मला दिसली. रक्त अजून यायचं होतं.

मी त्यांना ओढलं. खांद्याखाली हात घालून जिन्याकडे ओढत नेलं. तिसरा आणि चौथा घाव माझ्या हातांत बसला. त्यांच्या हाडांतून माझ्या कोपरापर्यंत हादरा आला.

"अरे," ते म्हणाले. "अरे, तू तर म्हणालास..."

पाचवा.

मी त्यांच्या डोक्यावर स्वतःचं अंग घातलं. मला काही लागलं नाही. माझ्याखाली त्यांचं डोकं गालिच्यावर आपटत राहिलं.

सहा. सात.

मी मोजत होतो.

अकरानंतर आत शांतता पसरली. मग टाळ्या सुरू झाल्या. बराच वेळ चालल्या.

शिपाई धावत आले, स्ट्रेचर आलं. मी त्यांना उचलायला मदत केली. भावोजींचा श्वास चालू होता, घशात काही अडकल्यासारखा. रुग्णवाहिकेचं दार लागलं तेव्हा पाच वाजायला चार मिनिटं होती.

मी तळमजल्यावरच्या फोनपाशी गेलो. चार नावं सांगितली.

"आणि पाचवं?" संपादकांनी विचारलं.

"खाणीचा सिनेमा."

"खात्री आहे?"

फोन माझ्या हातातून निसटत होता. रक्ताने बुळबुळीत झाला होता. "आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पाचही नावं बरोबर आली. असं आजवर कुणाचंच झालं नव्हतं. ताई इस्पितळात भावोजींच्या उशाशी बसली होती, तिनेच मला म्हटलं होतं, "जा, तुझं काम आहे ते." समारंभानंतर परीक्षकांमधल्या एक वयस्क बाई, एके काळच्या वेशभूषाकार, काठी टेकत माझ्याजवळ आल्या.

"तुम्हाला पाचवं कसं कळलं हो?" त्या म्हणाल्या. "आमचं होडीवर जवळजवळ ठरलं होतं. पण काल तो खाणीचा प्रसंग आला आणि आम्ही सगळेच हादरलो. आम्ही मागच्या रांगेत, दाराशी बसलो होतो. पडद्यावरचे घाव ऐकू येतच होते. पण त्यांच्या मागोमाग तेच घाव पाठीमागून यायचे. दाराच्या पलीकडून. आणि कुणीतरी 'अरे' म्हणत होतं. असा आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. दिवे लागताच आम्ही एकमताने निर्णय बदलला."

मी त्यांचे आभार मानले.

भावोजी तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. डॉक्टरांनी जिन्यावरून पडल्याचं लिहिलं. ताईने ते वाचलं, सही केली.

त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी फोनवर नीट बोलायची. माझी तब्येत विचारायची. संपादकांनी मला अख्खं पान देऊ केलं. मी हो-नाही काहीच सांगितलं नाही. महोत्सवाला आठवडा असताना तिने बोलावून घेतलं.

ती शिवणयंत्रापाशी बसली होती. पुढ्यात डोअरकीपरचा गडद निळा नवा कोट होता, सोनेरी बटणांचा.

"मृताच्या घरातल्या एकाला घेतात म्हणे नोकरीवर," ती म्हणाली. "मी तुझं नाव दिलंय. त्यांनाही आवडलं. सिनेमातला माणूस."

"ताई..."

"ये, हात वर कर. खांद्यात घट्ट होतोय का बघू."

मी हात वर केले. नाही म्हणता आलं नाही. तिने कोट माझ्या अंगात घातला, समोर आली, बटणं लावू लागली.

"तो खाणीचा सिनेमा लागला होता इथे," ती म्हणाली. "जाऊन पाहून आले. दोनदा."

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

"संथ नाहीये तो," ती म्हणाली. मग पुढचं बटण लावत, "यंदाच्या सिनेमांत काय काय आहे, सांग."

महोत्सवाच्या माहितीपुस्तिकेत वाचलेलं मी सांगत गेलो. या वेळी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती एकेका सिनेमाला "बरं" म्हणत होती आणि एकेक बटण लावत होती. सातव्या सिनेमात एका माणसाला खुर्चीला बांधून जाळतात, असं मी म्हणालो, तेव्हा तिचा हात थांबला. तिने माझी कॉलर सरळ केली, खांद्यावरचा दोरा झटकला, आणि लहानपणी विचारायची तशाच मायेने विचारलं,

"याला मिळेल का रे बक्षीस? तुझा काय अंदाज?"