समोरची खुर्ची

जिन्यात एक खुर्ची वर चढत होती. खुर्चीखाली माणसाचे दोन पाय होते आणि ते अगदी आरामात, हवा खात निघाल्यासारखे एकेक पायरी घेत होते. माझा कामावरचा पहिला दिवस होता आणि मला उशीर झाला होता.

"अहो, जरा बाजूला व्हा."

खुर्ची ढिम्म. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझा आवाज चांगलाच चढला होता. शेवटी हात लांब करून मी खुर्चीचा मागचा पाय ओढला. खुर्ची वळली आणि तिच्याखालून एक चेहरा बाहेर आला. केसांत लाकडाचा भुसा, आणि डोळे असे, की भांडायला आलेल्याने भांडणच विसरून जावं. मी विसरले नाही.

"बहिरे आहात का?"

त्याने माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. "हो," तो म्हणाला. "पण इतक्या रागाने अजून कुणी विचारलं नव्हतं."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या पायरीवर कळलं. त्यातून वरच्या मजल्यावर गेल्यावर समजलं, की मला नेमलंय ते याच माणसासाठी.

माझं काम सांगायला सोपं आहे. मीटिंगमध्ये जो कोणी जे बोलेल, ते तिथल्या तिथे टाइप करून ऐकू न येणाऱ्या माणसाला दाखवायचं. ही खुर्च्या बनवणारी कंपनी. त्यांच्या डिझायनरचे कान काही वर्षांपूर्वी एका तापात गेले होते. समोर एकच माणूस असेल तर ओठांवरून त्याला बरंचसं कळायचं, पण टेबलाभोवती सगळे एकदम बोलायला लागले की त्याचा नाद तो सोडून द्यायचा. आपली प्रत्येक नवी खुर्ची तो स्वतःच डोक्यावर घेऊन वर आणायचा, म्हणून सगळे त्याला खुर्चीवाला म्हणत. मीही म्हणायला लागले... मनातल्या मनात.

आमच्या कामाचा नियम एकच: कानावर पडेल तेच लिहायचं. लिहिणारीला मत नसतं.

हा नियम पाळत मी त्याच्या शेजारी बसायला लागले. अगदी शेजारी, कारण लॅपटॉप एकच आणि त्याची बटणं नि पडदा एकमेकांना चिकटलेले. माझा कोपर त्याच्या बाहीला लागायचा. त्याच्या शर्टाला ताज्या घासलेल्या लाकडाचा वास यायचा. साहेबांनी विनोद केला की सगळे हसायचे, मी तो विनोद टाइप करायचे, आणि सगळ्यांचं हसून झालं की मग तो एकटाच हसायचा. ते मला बघवेना. मग मीही हसू दाबून धरायला लागले आणि त्याच्याबरोबर हसायला लागले. बाकीचे आमच्याकडे बघत राहायचे.

मीटिंग संपली तरी आम्ही लगेच उठायचो नाही. तो बोलायचा, मी टाइप करायचे.

"आज साहेबांच्या बोलण्यात टिंबं फार होती," तो म्हणाला.

"जेवून आले होते. मध्येमध्ये डुलकी लागत होती," मी लिहिलं.

"हे असलं लिहिणं तुमच्या नियमात बसतं का?"

"मीटिंग संपली आहे."

"मग मीटिंग रोज लवकर संपायला हवी." तो पडद्याकडेच बघत म्हणाला. माझी बोटं बटणांवरच राहिली. मीटिंगमध्ये मी लिहिते त्यातलं एक अक्षरही माझं नसतं ना, मनातलं लिहायची सवयच गेली होती.

अशा त्या सुखात एका दुपारी तो टॅब आला.

म्हणजे अजून आला नव्हता, फक्त जाहीर झाला होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे मीटिंगच्या खोलीत जमले आणि भिंतीवरच्या पडद्यावर तो सोहळा लावला. रंगमंचावरच्या माणसाने चपटा टॅब उंच धरला, त्याचा कीबोर्ड ओढला आणि... कट्. वेगळा झाला. मग तो कीबोर्ड घेऊन पार दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथून टाइप करायला लागला. अक्षरं इकडे टॅबवर उमटत होती.

"वा," साहेब म्हणाले. खुर्च्यांची कापडं आणि रंग ठरवणारी आमची रंगवाली म्हणाली, "हा मळकट राखाडी कोणी निवडून दिला यांना?" कुणी म्हणालं, आता बिछान्यात पडून काम करता येईल. कुणी म्हणालं, आता बिछान्यातही काम करावं लागेल. मी हे सगळं इमानेइतबारे टाइप करत होते.

साहेब माझ्याकडे वळले. "तुमची तर सोयच झाली. याच्या मानेवर बसायला नको. पडदा याच्यापुढे, आणि तुम्ही तिकडे कोपऱ्यात ऐसपैस बसून टाइप करा."

नियम म्हणजे नियम. मी तेही टाइप केलं. त्याने ते वाचलं आणि तो चक्क उठून उभा राहिला.

"मस्त," तो म्हणाला. आनंदात त्याचा आवाज मोठा व्हायचा, तसा तो आत्ता झाला होता. "कधी मिळेल?"

मला रडू आलं नाही. मला राग आला. माणसाला माझ्यापासून सुटायची इतकी घाई होती, तर मीटिंग लवकर संपावी असलं काहीबाही बोलायचं कशाला?

घरी आई इस्त्री करत होती. मी पर्स आपटली आणि त्या टॅबचं पुराण सुरू केलं. बटणं पातळ आहेत, बोटाला काही लागतच नाही, रंग घाणेरडा, आणि सारखं काढून लावून ते एक दिवस तुटणार.

"त्या पाटीवर एवढा राग का गं?" आईने विचारलं. "काम सुटणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"खुर्ची सुटणार आहे."

आईने इस्त्री उभी करून ठेवली. "कुणाशेजारची?"

मी पर्स उचलून खुंटीला लावली. आईने पुन्हा इस्त्री हातात घेतली. "त्याला विचारलंस का, त्याला काय वाटतं ते?"

"त्याला मस्त वाटतं. सगळ्यांदेखत सांगितलं त्याने."

"बरं, मग नको विचारू. पाटीशीच भांड. ती बिचारी उलट बोलत नाही."

आई काहीही म्हणो, मी ठरवलं होतं. ती खुर्ची मी सोडणार नव्हते.

टॅब बाजारात आला तसा दुकानदाराने एक वापरून बघायला पाठवला. तो टेबलाच्या मधोमध ठेवला होता. घ्यायचा की नाही ते ठरवायला साहेबांनी मीटिंग बोलावली. मी नेहमीच्या जागी, नेहमीचा लॅपटॉप घेऊन. एकेकजण मत देत होता आणि सगळ्यांचं मत एकच होतं: घ्या. मी लिहीत होते, "घ्या." पुन्हा लिहीत होते, "घ्या." प्रत्येक वेळी शेजारचा खांदा खुशीत हलत होता.

रंगवाली तेवढी गप्प होती. खिडकीबाहेर बघत चहा पीत होती. आणि माझी बोटं... माझी बोटं थांबली नाहीत. तिच्या नावापुढे मी लिहिलं, "मला हे पसंत नाही. निघणारा कीबोर्ड हरवतो. शेजारी बसून लिहिण्याची पद्धतच चांगली आहे, ती बदलू नये."

त्याने वाचलं. मग मान वळवून रंगवालीकडे पाहिलं. तिच्या ओठाला कप होता.

"माझ्या शेजारी कोण बसतं याची तुम्हाला इतकी काळजी आहे, हे माहीत नव्हतं," तो तिला म्हणाला.

"मला?" ती म्हणाली. "मी तर चहा पितेय."

साहेब वाकून आमच्या पडद्याकडे बघायला लागले आणि वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. "बाई, हा माणूस तुमच्या भरवशावर इथे बसतो. आणि तुम्ही मनचं लिहिता?"

ते खरं होतं, आणि लागलंही. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या तर मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं. पण आता मागे फिरायचं नाही, असं म्हणून मी उभी राहिले.

"चुकलं माझं. दुसऱ्याच्या तोंडी घालायला नको होतं, आणि पुन्हा तसं करणार नाही. पण मत माझं आहे आणि ते मी बदललेलं नाही. मला कोपऱ्यात बसायचं नाही. मला यांच्या शेजारीच बसायचंय. कामासाठी नाही... कामाशिवायसुद्धा."

मी साहेबांकडे तोंड करून उभी होते, आणि लॅपटॉपवर मगाचीच वाक्यं होती.

"काय म्हणाल्या त्या?" खुर्चीवाल्याने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"आता हे कोण टाइप करणार?" रंगवाली म्हणाली.

साहेबांनी घसा साफ केला. सगळ्यांनाच ताजा चहा हवा असल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि खोली भराभर रिकामी झाली. रंगवालीने जाताना दार ओढून घेतलं.

मी खाली बसले आणि लॅपटॉपकडे हात नेला. त्याने हलकेच झाकण मिटलं. मधोमध ठेवलेला नवा टॅब उचलला, कीबोर्ड ओढला. कट्. टॅब स्वतःपुढे उभा केला, कीबोर्ड टेबलावरून पलीकडे सरकवला. मग उठून समोरची खुर्ची जरा बाहेर ओढली.

"इथे बसा."

म्हणजे कोपरा नाही तर टेबलाची पलीकडची बाजू. मी गेले आणि पाठ ताठ करून बसले. तोही जागेवर जाऊन बसला, आणि मग माझ्याकडे बघत राहिला. एवढा वेळ, की मला केस नीट करावेसे वाटले.

"जिन्यात तुम्ही माझ्याशी भांडलात," तो म्हणाला, "तो चेहरा मी शेवटचा धड पाहिला. त्यानंतर तुम्ही कायमच्या शेजारी बसलात. मला तुमचे हात दिसतात. हसलात की खांदा हलतो, त्यावरून कळतं की हसताय. चेहरा राहूनच जातो. मान वळवून बघायला गेलो की वाक्य निसटतं, आणि सारखा बघायला लागलो तर लोक काय म्हणतील?" तो थांबला. "त्या माणसाने कीबोर्ड ओढून काढला ना, तेव्हाच मला ही खुर्ची दिसली. समोरची."

"मग सांगितलं का नाही?" मी म्हटलं. टाइप न करताच. त्याला कळलं.

"त्या दिवसापासून तुमचा चेहरा एवढा रागीट असायचा... शेजारून जेवढा दिसायचा तेवढा." त्याने टॅब जरा बाजूला सरकवला. "मगाशी काय म्हणालात?"

कीबोर्ड माझ्या हाताशी होता. लिहून टाकणं सोपं होतं. आजवर दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं होतं मी, हे मात्र माझं होतं. मी कीबोर्ड बाजूला सारला, टेबलावर पुढे झुकले आणि सावकाश, एकेक शब्द त्याला नीट दिसेल असा म्हणाले, "मला तू आवडतोस."

त्याचे कान लाल झाले. काहीही ऐकू न येणारे ते कान.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. "शेवटचा शब्द नीट दिसला नाही."

"खोटं बोलतोस."

"हो," तो म्हणाला. "तरी म्हण."

मी म्हटलं.

टॅब घेतला गेला. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी समोरच्या खुर्चीत बसले. साहेब नव्या खुर्च्यांच्या पाठीबद्दल फार गंभीरपणे बोलत होते आणि मी त्यांचं अक्षरन् अक्षर लिहीत होते. खुर्चीवाला मात्र टॅबच्या वरून माझ्याकडेच बघत होता. मी डोळे वटारले. उपयोग झाला नाही. रंगवाली खोकली. तरी नाहीच.

शेवटी मी नियम मोडला. यावेळी कुणाच्या तोंडी घातलं नाही, माझ्याच नावापुढे लिहिलं: "पडद्याकडे बघ, वेड्या."

पायाने टेबलाखालून ढोसलं तेव्हा कुठे त्याने नजर खाली केली आणि वाचलं. खोलीत कुणी विनोद केलेला नव्हता, साहेबांचं वाक्य अजून अर्धंच झालं होतं. पण तो मोकळेपणाने, सगळ्यांच्या आधी हसला.