खालून लावलेली धार

गवत कापायचं पेट्रोलचं मशीन उघडताना सगळ्यात आधी प्लगची वायर काढायची. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे नाही. पातं हाताने जरा फिरलं तरी इंजिन उचल खाऊ शकतं, आणि बोटं काही पुन्हा उगवत नाहीत. तंत्रशाळेत तीस वर्षं मी मुलांना हे पहिल्या दिवशी सांगायचो आणि शेवटच्या दिवशी पुन्हा विचारायचो.

निवृत्त झाल्यावर गल्लीतली मशीनं माझ्याकडे आली. त्यातलंच एक शेजारच्या मोजणीदाराचं. जमिनी मोजणं हीच त्याची नोकरी, म्हणून सगळे त्याला मोजणीदार म्हणत. माणूस सरळ रेषेतला. अंगणातलं गवतसुद्धा दोरी लावून कापायचा. खोड एकच होती. पात्याला धार खालून लावायचा. धार वरच्या बाजूने घासायची आणि खालची बाजू सपाट ठेवायची, हे मी त्याला अकरा वर्षं शिकवलं. तो शांतपणे म्हणायचा, "जमीन खाली असते, मग धार वर कशाला?" मी धार नीट करून द्यायचो, तो महिन्याभरात ती बिघडवून ठेवायचा.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी, गवत अर्धं कापून झालं असताना टाकी संपली. कॅन घेऊन तो पेट्रोल आणायला गेला. पंप चार गल्ल्या सोडून. तो पंपावर पोचला नाही, आणि घरीही परतला नाही.

उरलेलं गवत त्याच्या बायकोने, वहिनींनी, कुणाला कापू दिलं नाही. मशीन मात्र दर वर्षी माझ्याकडून करून घेतलं. ते मागच्या शेडमध्ये असायचं. कुलूप एक, किल्ली एक, ती त्यांच्या कमरेला. दोन वर्षं मी ते जसं ठेवलं तसंच सापडलं. टाकी कोरडी, ऑइल मधाच्या रंगाचं, पातं स्वच्छ.

यंदा वहिनी म्हणाल्या, हे शेवटचं. लेक महिनाअखेरीच्या रविवारी न्यायला येणार होती, घर विकायचं ठरत होतं. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, पण सोडली नाही.

"भाऊजी, त्यांची काही खबर असेल तर रविवारच्या आत सांगा. एकदा गेले, की मी परत येणार नाही."

मी हो म्हणालो. सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

वायर काढली. एअर फिल्टर वर राहील असं मशीन कलतं केलं. उलट कललं तर ऑइल त्यात शिरतं. खाली पाहिलं तर आतल्या पत्र्याला गवताचा जाड थर. ओला, हिरवा, नुकत्याच कापलेल्या गवताचा वास. ऑइल काढलं, ते डांबरासारखं काळं. टाकी मात्र कोरडी ठणठणीत.

पातं सोडवून उजेडात धरलं. धार खालून लावलेली होती.

मी घाबरलो असं सांगितलं तर खोटं ठरेल. मला कुतूहल वाटलं. गवताची एक काडी कागदात घेतली. रुंद पान, मधोमध पांढरी रेघ. सत्तर वर्षांत असं गवत मी पाहिलं नव्हतं. मग सगळं साफ केलं, नवं ऑइल भरलं, धार वरून लावली, पातं खिळ्यावर अडकवून तोल पाहिला. निघताना शेडभर खडूची पूड पसरली, आणि एक भाग मागवावा लागेल असं सांगून आठवड्याने येतो म्हणालो. वहिनींशी मी पहिल्यांदाच खोटं बोललो. अर्धवट माहितीवर कुणाला आशा दाखवू नये, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात पूड जशीच्या तशी होती. ना चाकाची रेघ, ना पावलाचा ठसा. पत्र्याला ओलं गवत, ऑइल काळं, धार खालून. या वेळचं गवत मी ओळखलं. लांब कुसळांचं, नदीपलीकडच्या माळावर वाढतं ते. पुन्हा सगळं साफ केलं, धार वरून लावली आणि भाग अजून आला नाही म्हणून सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात तीन पानांची बारीक वेल निघाली. ती आमच्या गल्लीच्या टोकाला, खेळाच्या मैदानाच्या कडेने पसरते.

घरी येऊन तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले. न पाहिलेलं गवत. नदीपलीकडचं. मैदानाचं. शाळेतल्या पोरानेही पुढचं उत्तर सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर "धार वरून" असं लिहिलं आणि दोरीने मशीनच्या दांड्याला बांधलं. सवय, दुसरं काय.

रविवारी सकाळी लवकरच गेलो. वहिनींच्या बॅगा दारात होत्या. लेक दुपारी येणार होती. किल्ली घेऊन शेड उघडलं, वायर काढली, मशीन कलतं केलं.

पत्र्याला हरळी चिकटली होती. वहिनींच्या अंगणातली, साधी हरळी.

पातं सोडवलं. धार वरून लावलेली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खालची बाजू सपाट, हात लावून पाहावी अशी.

पात्याच्या बोल्टाभोवती मात्र गवत नव्हतं. तपकिरी, राठ धागे गुंडाळले होते. काथ्या.

मी शेडबाहेर आलो. फाटकातून येताना माझी नजर बॅगांवर होती, म्हणून मघाशी दिसलं नव्हतं. गुडघाभर गवतातून एक पट्टा कापलेला होता. मशीनच्या रुंदीचा, दोरी लावल्यासारखा सरळ. फाटकापासून थेट घराच्या दारापर्यंत.

दारात काथ्याचं पायपुसणं होतं. त्याची बाहेरची कड सुरीने कापल्यासारखी गेली होती.

वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. आता सांगायलाच हवं होतं. मी खिशातून कागद काढले आणि चारही आठवड्यांचं क्रमाने सांगितलं, धारेसकट. पुठ्ठ्याचं ऐकून वहिनी किंचित हसल्या.

"ऐकलं म्हणायचं शेवटी तुमचं," त्या म्हणाल्या.

मग आत जाऊन त्यांनी लेकीला फोन केला, येऊ नको म्हणून. बॅगा एकेक करून आत नेल्या. मी काय करावं ते न सुचून मशीन जोडलं, वायर बसवली आणि विचारलं, टाकी भरून ठेवू का.

"कशाला?" वहिनी म्हणाल्या. "पेट्रोल आणायलाच तर गेलेत ते."

त्या वाकल्या, पायपुसणं उचलून झटकलं, आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, घरात, नीट सरळ पसरलं.