काठावरची साल

लॅम्बर्न हॉटेलच्या बारमध्ये सकाळी साडेदहाला आलं की मी आधी लिंबं सोलायचे. जाड सालीची, पिवळीधमक लिंबं. सालीबरोबर आतलं पांढरं अजिबात येऊ द्यायचं नाही, ते आलं की पेय कडू झालंच म्हणून समजा. बोटभर लांबीच्या बारा साली काढायच्या, बशीत मांडायच्या, वर ओलं फडकं टाकायचं. पेले फ्रीजरमध्ये जायचे. जिनच्या बाटल्या आदल्या दिवसापासूनच तिथे असायच्या. हे काम मी एकोणीस वर्षं केलं. माझ्या आधी बारा वर्षं ते माझ्या नवऱ्यानं, इद्रिसनं केलं होतं.

आमच्याकडे लोक एकाच पेयासाठी यायचे. त्याचं नाव थ्रेल. कॉर्बिन थ्रेल म्हणजे कादंबरीतला हेर. मिस्टर पेंडर नावाच्या आमच्या एका गिऱ्हाइकानं कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तो रचला आणि बक्कळ नाव कमावलं. कादंबरीत थ्रेल बारमध्ये येतो, आपलं पेय मागवतो आणि पेला काउंटरच्या डाव्या टोकाला ठेवतो. त्याची प्रेयसी लांबून बघते. लिंबाची साल पेल्याच्या काठावर लटकत असेल तर ‘थांब, धोका आहे.’ साल पेल्यात बुडालेली असेल तर ‘ये.’

झालं. ते पुस्तक आल्यापासून येणाऱ्या प्रत्येकाला विचारावं लागायचं, ‘साल आत की काठावर?’ बँकेतला कारकून असो नाहीतर बिस्किटांच्या कारखान्याचा मालक, डोळा मारून हळूच म्हणणार, ‘आत, मिसेस प्रॉसर! मैदान साफ आहे!’ आणि बायको शेजारी बसून जांभया देणार. मी हसायचे. हसायचाच पगार होता.

पण ती खूण थ्रेलची नव्हती. ती आमची होती.

छप्पन साली मी तिसऱ्या मजल्यावर खोल्या आवरायचे आणि इद्रिस बारमध्ये होता. स्वान्सीहून आलेला, डावखुरा, लाजाळू. नोकरांनी एकमेकांशी बोलताना दिसायचं नाही, असा हॉटेलचा कडक नियम होता. दुपारी तीनला कायद्यानं बार बंद व्हायचा तो साडेपाचपर्यंत. ते अडीच तास आमचे. पण मॅनेजर कधी कुठून उगवेल याचा नेम नसायचा. म्हणून इद्रिस एक पेला डाव्या टोकाला ठेवायचा. मागच्या जिन्याच्या दाराला एक गोल काच होती. मी तिथून बघायचे. काठावर साल दिसली की पायरीवर बसून राहायचे. साल आत असली की दार ढकलून धावत आत.

पेंडरनं हे कधी हेरलं, देव जाणे. पुस्तक हातात पडलं त्या दिवशी मी ढसाढसा रडले. इद्रिस हसत होता.

‘आपलं होतं रे ते,’ मी म्हटलं.

‘अगं वेडाबाई, त्यानं साल नेली फक्त,’ तो म्हणाला. ‘“ये” कुणाला म्हणायचं, ते माझ्यापाशीच आहे ना?’

पुढे आमचं लग्न झालं, नियमही ढिले पडले, पण सवय काही सुटली नाही. रोज दुपारी तीनला मी गोल काचेतून बघायचेच.

सदुसष्टच्या मार्चमधल्या एका मंगळवारी साल काठावर होती. मी पायरीवर बसले. एप्रनच्या खिशात बिस्किटं होती दोघांसाठी, त्यातलं एक खाल्लं. पाच-पाच मिनिटांनी उठून बघत होते. साल काठावरच. चाळीस मिनिटं मी तिथे बसले होते. मग दरवान गॉफ पुढच्या दारानं बारमध्ये गेला आणि मला त्याची किंकाळी ऐकू आली.

इद्रिस काउंटरच्या मागे, रबरी चटईवर आडवा पडला होता. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ जिवंत असणार, कुणी आधी आलं असतं तर वाचलाही असता, सांगता येत नाही. गोल काचेतून काउंटरच्या मागचं दिसत नाही.

मॅनेजर त्या दिवशी गावातच नव्हता. मग इद्रिसनं ‘थांब’ म्हणून का सांगितलं? छातीत कळ आली आणि मी बघू नये असं वाटलं त्याला? की साल आत टाकायला हात उचललाच नाही? मी जन्मात एकदा, एकदाच त्याचं ऐकलं नसतं तर! हा एकच विचार मी एकोणीस वर्षं उशाशी घेऊन झोपले. सहा महिन्यांनी मॅनेजरपुढे उभी राहिले आणि म्हटलं, मला बार द्या. लोकांना वाटलं, पोटासाठी. मला त्या चटईवर उभं राहायचं होतं. जिन्याचं ते दार मात्र मी पुन्हा कधी वापरलं नाही.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात हॉटेल विकलं गेलं. बार पाडून तिथे नाश्त्याची खोली होणार होती. शुक्रवार शेवटचा दिवस ठरला.

सोमवारी मी बारा साली कापल्या आणि फडकं टाकलं. अकराला फडकं उचललं तर तेरा होत्या. मोजण्यात चूक झाली असेल, असं म्हटलं आणि कामाला लागले.

मंगळवारी लीड्सचे मिस्टर हॅडो आले. भूगोलाचे निवृत्त मास्तर, दर वर्षी नवीन बो टाय लावून थ्रेल प्यायला येणारे. या वेळी वही काढून बसले होते.

‘आता तुम्हीही जाणार, मिसेस प्रॉसर. मग आम्ही अनाथांनी कुणाकडे बघायचं? कृती सांगा बरं शिस्तीत. घरी करून बघतो.’

‘घरी तुमच्या मिसेस करू देतील?’

‘ती बहिणीकडे जाते गुरुवारी.’

‘मग लिहा,’ मी म्हटलं. ‘पेला फ्रीजरमधून काढायचा, काचेवर धुकं आलेलं हवं. त्यात चमचाभर व्हर्मुथ, म्हणजे ती पांढरी मसाल्याची वाईन, घालून गोल फिरवायची आणि फेकून द्यायची.’

‘गालिच्यावर?’

‘इथे गालिच्यावर. घरी मोरीत फेका, नाहीतर मिसेस तुम्हालाच फेकतील. मग धुराच्या वासाच्या व्हिस्कीचे दोनच थेंब. तिसरा पडला तर ओतून द्या, पुन्हा सुरुवात करा. त्यावर जिन, गारठून तेलासारखी दाट झालेली, अगदी काठापर्यंत. बर्फ नाही. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. शेवटी साल पिळायची, म्हणजे तिचं तेल वर तरंगतं.’

‘आणि साल आत,’ ते खूश होऊन म्हणाले. पेला उचलून उजेडात धरला आणि बघतच राहिले. ‘तुम्ही डावखुऱ्या आहात हे इतक्या वर्षांत कधी लक्षात नाही आलं माझ्या.’

‘छे! मी कुठली डावखुरी?’

‘मग ही साल उलटी कशी वळलीय?’

मी वाकून बघितलं. उजव्या हातानं सोललेली साल एका बाजूला वळते, डाव्या हातानं सोललेली दुसऱ्या. इद्रिसच्या साली माझ्या सालींच्या उलट वळायच्या, यावरून आम्ही एकमेकांना चिडवायचो. मिस्टर हॅडोंच्या पेल्यातली साल इद्रिससारखी वळली होती. ‘वय झालं, हात वळतो कसाही,’ असं काहीतरी बोलून मी काउंटर पुसायला घेतलं.

बुधवारी तीनला कुलूप लावायला म्हणून वळले, तर डाव्या टोकाला एक पेला होता. काठापर्यंत भरलेला, धुकं आलेला. साल काठावर.

मी गॉफला बोलावलं. त्याचे गुडघे गेले होते, केस गेले होते, पण अजून पुढच्या दारावर होता. त्यानं पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘तूच ठेवलास, विन.’

‘मी नाही.’

‘अगं, सवयीनं हात करून जातो. मी परवा माझ्याच बायकोला टॅक्सी हवी का म्हणून विचारलं.’

‘गॉफ, मस्करी नको. मी ठेवला नाही.’

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. ‘ओतून दे,’ म्हणाला. ‘आणि मला सांगत बसू नकोस. त्या दिवशी आत मीच आलो होतो.’

मी ओतला नाही. साडेपाचला बार उघडायला आले तेव्हा काउंटर कोरडं होतं आणि पेला फ्रीजरमध्ये, स्वच्छ.

गुरुवारीही तेच. थांब.

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. मला राग आला. एकोणीस वर्षं मी एका शब्दासाठी तळमळले, आणि माणूस आला तो पुन्हा तेच सांगायला? रिकाम्या बारमध्ये मी मोठ्यानं म्हटलं, ‘अजून किती थांबू रे? उद्या ही जागाच नसणार!’

शुक्रवारी दुपारी शेवटचं गिऱ्हाईक गेलं. मी दार लावलं आणि मनाशी म्हटलं, आज बारमध्ये मी आहे. खूण करायचा हक्क माझा. मी एक थ्रेल बनवलं, जन्मात बनवलं नव्हतं इतक्या जिवापाड. दोन थेंब, तिसरा नाही. साल पिळली आणि पेल्यात सोडली. पेला डाव्या टोकाला ठेवला.

ये.

फडकं धुवायला पाठ वळवली, तेवढीच. नळ बंद केला आणि मागे बघितलं.

साल काठावर होती. ओली. तिच्या टोकावरून जिनचा एक थेंब संगमरवरावर पडला, मग दुसरा.

माझे पाय आपोआप चालायला लागले. मी बारच्या बाहेर पडले, मागच्या बोळातून वळसा घेतला आणि जिन्याच्या त्या दारामागे जाऊन उभी राहिले. पायरी तीच. एप्रनच्या खिशात हात घातला, खिसा रिकामा होता.

मी गोल काचेतून बघितलं.

बार रिकामा. डाव्या टोकाला पेला. साल काठावर. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. सदुसष्टच्या त्या मंगळवारी होतं तसंच सगळं.

‘नाही थांबणार,’ मी म्हटलं आणि दार ढकललं.

धावत काउंटरच्या मागे गेले. कुणी नव्हतं. नुसती काळी रबरी चटई.

मी गुडघ्यांवर बसले आणि तिच्यावर तळहात ठेवला.

चटई ऊबदार होती.

मी हात सरकवत गेले. आजूबाजूची फरशी बर्फ. ऊब मधोमध, एका माणसाच्या लांबीची. वरच्या बाजूला थोडी रुंद, खांद्यांइतकी.

मी तिच्या शेजारी आडवी झाले. ‘आले रे,’ म्हटलं. ‘आले बघ. या वेळी नाही ऐकलं तुझं.’ आणखी खूप काही बोलले, ते आमच्या दोघांतलं आहे. ऊब हळूहळू कमी होत गेली, आधी पायांकडची, शेवटी खांद्यापाशी. पूर्ण गेली तेव्हा मी उठले. चार वाजायला दहा मिनिटं कमी होती.

पेला रिकामा होता. साल तळाशी पडली होती.

तो पेला मी पर्समध्ये घालून घरी आणला. गॉफनं बघितलं आणि दार उघडून धरलं.

आता पेला डेप्टफर्डला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. या गोष्टीला दोन वर्षं होतील. साल वाळलेली नाही. नखानं दाबली तर बोटाला वास लागतो.

रोज सकाळी चहा ठेवला की मी ती साल उचलते आणि काठावर लावते. थांब. अजून कामं आहेत माझी. भाचीचं बाळंतपण आहे, खिडकीला रंग द्यायचाय, मांजर म्हातारी झालीय. इतकी वर्षं मला बसवलंस पायरीवर, बस आता तूही. मी हे हसत म्हणते, खरंच हसत. संध्याकाळी बाजारातून येऊन बघते तर साल पुन्हा पेल्यात, उलटी वळलेली.

भाचीला मे महिन्यात मुलगी झाली. खिडकी रंगवून झाली. मांजर मी रविवारी गॉफकडे नेऊन दिली. तो म्हणाला, ‘परत न्यायला कधी येतेस?’ मी म्हटलं, ‘तिला मासे उकडूनच घाल.’

आज सकाळी मी चहा ठेवला, खिडकीपाशी उभी राहून प्यायले आणि साल होती तिथेच राहू दिली.