एक शब्द, तीनदा

बाबा गेल्यावर आईने काय करावं, हे ग्वाल्हेरच्या आमच्या दर्पण कॉलनीतल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. सत्संग, योगासनं, नाहीतर माहेरी परतलेल्या माझं दुसरं लग्न. आईने तिन्ही गोष्टी हसून बाजूला सारल्या आणि बाबांची संताली आणि मलय घेऊन बसली.

माझे बाबा, गुरुप्रसाद, भाषाशास्त्राचे प्राध्यापक. झारखंडची संताली आणि तिकडे समुद्रापलीकडची मलय यांचं मूळ एकच असावं, असा एक जुना तर्क आहे. बहुतेक विद्वान तो मानत नाहीत. बाबाही ठामपणे मानत नव्हते, पण नाकारायच्या आधी तपासायला हवं म्हणत. मी जन्मायच्या आधी ते झारखंडात दुमक्याला जाऊन एका संताली आजीकडून शब्द उतरवून आले होते, नंतर मलेशियात एका शिक्षिकेकडून. पद्धत एकच. शब्द विचारायचा आणि उत्तर तीनदा घ्यायचं. पहिल्यांदा माणूस विचारणाऱ्यासाठी बोलतो, दुसऱ्यांदा स्वतःला ऐकत बोलतो, तिसरं उत्तर त्याचं स्वतःचं असतं, असं ते म्हणत.

त्या कॅसेटी आता लॅपटॉपवर होत्या. आईने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे काम शिस्तीत चाले. दुपारी कूलर लावायचा, कानांना हेडफोन लावायचा, संताली शब्द कापून मलय शब्दाशेजारी ठेवायचा. डोळ्याला संतालीत मेत्, मलयमध्ये मता. तिथे ती खूश. पाण्याला एकीकडे दाक्, दुसरीकडे आयेर. तिथे बाबांवर नाराज. मला मात्र कळायचं, की ती शब्दांसाठी ऐकतच नाही. प्रत्येक शब्दाआधी बाबा प्रश्न विचारतात ना, त्यासाठी ऐकते. सिटी सेंटरच्या बँकेतून मी कामावरून परतले तरी तिचा हेडफोन कानावरच असायचा, मला एकटीला जेवायला लागायचं, एवढंच.

एप्रिलमध्ये एकदा जेवताना ती म्हणाली, "मंजिरी, ज़रा पानी दे."

आमच्याकडे हे चालत नाही. ग्वाल्हेरचं मराठी म्हणजे निम्मी हिंदीच, पण आईचा दंडक होता, की हिंदी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायची. लहानपणी मी "मम्मी, भूख लगी" म्हटलं तर ती जेवायला वाढायची नाही. म्हणून मी संधी साधून चिडवलं, "काय बाई, आज चपला घालूनच आत आलीस का?"

ती हसली नाही. "मी काय म्हटलं?"

"पानी."

"मग काय म्हणतात?"

मला वाटलं माझी फिरकी घेतेय. पण तिने ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मीच शब्द सांगितला. तिने तो असा ऐकला, जसा आपण एखाद्या अनोळखी माणसाचा पत्ता ऐकतो.

पुढच्या आठवड्यात "आँख में कुछ गया है." मग "हाथ धो ले." शेजारच्या शालिनीताई मला म्हणाल्या, "अगं, बरं झालं की. आता तुझी आई आमच्यासारखी बोलायला लागली." मीही तसंच धरून चालले. इथे कुणाचं मराठी गेलेलं कुणाला कळतं?

बँकेला सुट्टी होती त्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत आडवी झाले होते. आतून आईचा आवाज आला. "घर." थोडं थांबून, "घर." मग अगदी साधेपणाने, "घर."

मी दारात जाऊन उभी राहिले. "कुणाशी बोलतेस?"

"ते विचारतात. सांगायला नको?"

"कोण?"

"अगं, तुझे बाबा. आता मराठीत विचारायला लागलेत." हे तिने इतकं सहज सांगितलं, की मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली.

न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. सगळ्या तपासण्या नॉर्मल निघाल्या. स्मरणशक्ती उत्तम, हिंदी अस्खलित, पंचवीसचा पाढा तोंडपाठ. डॉक्टर हसून म्हणाले, "मैडम, ग्वालियर में मराठी भूल जाना कोई बीमारी नहीं है."

त्याच संध्याकाळी आई अंघोळीला गेल्यावर मी हेडफोन लावला. दुमक्याचं अंगण ऐकू आलं. कोंबडा, लांबवर सायकलची घंटा, आणि बाबा. माझ्याहून तरुण बाबा. आई हे का सोडू शकत नाही ते मला पुरतं कळलं.

"आँख?" त्यांनी विचारलं. आजी म्हणाली, "मेत्. मेत्. मेत्."

आईने कापलेला तो तुकडा तिथेच संपायला हवा होता. कोंबडा पुन्हा आरवला. बाबा म्हणाले, "डोळा?"

आणि आईचा आवाज आला. तीनदा.

आई दुमक्याला कधीच गेली नव्हती. बरं, तो तरुण बाईचा आवाजही नव्हता. गेल्या होळीनंतर तिने कवळी बसवली, तेव्हापासून तिच्या बोलण्यात एक बारीक शीळ येते. ती त्या टेपमध्ये होती. माझ्या जन्माआधीच्या टेपमध्ये. आणि घरात तिच्याकडे डोळा हा शब्द आता उरलेला नव्हता.

मी लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी तो बँकेत नेऊन माझ्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

आई भांडली नाही. रडली. याआधी माझ्यासमोर ती रडल्याचं मला आठवत नाही, बाबा गेले तेव्हाही नाही. "तुझं ठीक है," ती म्हणाली, "तुझ्यापाशी बैंक का दफ़्तर आहे. माझ्याशी दिवसभर कौन बोलता है?"

"मी बोलेन ना. मराठीत. रोज."

"तू काय विचारशील?" तिने विचारलं.

रात्री जेवताना मी बोलत राहिले, ऑफिसचं, भाजीचं, उकाड्याचं. ती मान हलवत होती. मधेच लक्षात आलं, की ती माझ्या बोलण्यातले नुसते हिंदी शब्द वेचतेय.

त्यानंतरही ती दुपारी त्याच खुर्चीत बसायची. समोर रिकामं टेबल, हात मांडीवर. कामवाली म्हणाली, "माताजी अकेले में जवाब देती रहती हैं."

परवा मी ऑफिसातून लवकर निघाले. मनात काही शंका नव्हती, उलट ठरवलं होतं की रजा टाकायची, तिला घेऊन कुठेतरी जायचं. जिना चढत होते तेव्हा वरून हाक आली.

"मंजिरी."

माझा जीव भांड्यात पडला. नाव आहे अजून. मी ओरडले, "आले गं!"

"मंजिरी."

आता आवाज हळू होता. मी पायऱ्या धावत चढायला लागले.

"मंजिरी," ती म्हणाली. अगदी प्रेमाने. हाक मारताना म्हणतात तसं नाही, उत्तर देताना म्हणतात तसं.

दार उघडंच होतं. आई खुर्चीतून उठून समोर आली. मला पाहून तिने पदर सारखा केला.

"जी, किससे मिलना है आपको?"

"आई, अगं मी."

ती नम्रपणे ऐकत राहिली. परक्या मुलखातल्या माणसाचं बोलणं आपण ऐकतो तसं.

"हम समझे नहीं," ती म्हणाली. "आप बैठिए ना. धूप से आई हैं." तिने पंखा वाढवला, पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला. "हमारी लड़की आती ही होगी बैंक से. उससे मिलकर जाइए."

मी बसले. तिने दोन वेळा घड्याळाकडे पाहिलं. मग गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि कठड्यावरून वाकून गल्लीच्या टोकापर्यंत बघायला लागली. ऊन उतरलं. समोरच्या घरातले दिवे लागले.

"इतनी देर तो कभी नहीं करती," ती म्हणाली.

मी उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"आ जाएगी," मी म्हटलं, आणि तिच्याबरोबर रस्त्याकडे बघू लागले.