कोऱ्या पंख्याची चोरी

"सगळा बाजार माशा मारतोय आणि माझ्या गोदामासमोरच्या दुरुस्तीवालीकडे रांग! चोरीशिवाय हे होईल का, बाई?" पंख्यांचे व्यापारी शेठ खुर्चीत बसता बसताच म्हणाले.

आत्या खाजगी तपासाची कामं घ्यायची. बँकेने घरी बसवलेला तिचा भाचा नुकताच हाताखाली लागला होता.

"गेलं काय?" तिने विचारलं.

"गोदामाचं कुलूप तोडून चाळीस पंखे. कोरे करकरीत! त्यातला एक पोलिसांना तिच्या दुकानात सापडला. संध्याकाळी दुकानाला सील लागेल. विमा कंपनीला फक्त तुमचा अहवाल हवाय."

"मग उलगडा झालाच की," भाचा म्हणाला.

"गप रे, दीडशहाण्या. आधी गोदाम बघू."

गोदाम रिकामं होतं आणि आत रंगाचा वास कोंडला होता.

"भिंती रंगवल्या," शेठ घाईने म्हणाले. "ओल आली होती."

भिंतींवर ओलीचे डाग जागच्या जागी होते. आत्याने त्यांवरून बोट फिरवलं.

समोर दुरुस्तीवाली एक इस्त्री उघडून बसली होती. तिने मान वर केली नाही.

"चोर बघायला आलात? बघा! लोकांना नवं परवडत नाही, म्हणून जुनं माझ्याकडे आणतात. मी वाजवी दाम घेते, दिलेला शब्द पाळते. भर रस्त्यात चोर म्हणवून घ्यायला मी कुणाचं काय घेतलंय?"

तिने इस्त्री बंद केली आणि स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

"हे कशाला?" भाच्याने विचारलं.

"खूण आहे. ठिपका तुटलेला दिसला, की मध्ये दुसऱ्या कुणी उघडलंय हे कळतं. नाहीतर गिऱ्हाईक माझ्या नावाने शंख करतं."

दुकानाची किल्ली मागे उभ्या असलेल्या तिच्या दिराकडे असायची. त्याला घाम फुटला होता.

"चोरी झाली त्या रात्री मागचं दार लावायचं राहिलं," तो पुटपुटला. "वहिनी, चुकलो."

"हाच तो!" भाचा आत्याच्या कानाशी लागला. आत्याने त्याला ओढत भंगारवाल्याकडे नेलं.

"जुने पंखे?" भंगारवाला हसला. "हल्ली मिळतात कुठे? कुणाचा तरी टेम्पो येतो आणि सगळे उचलून नेतो."

संध्याकाळी सील घेऊन आलेल्या इन्स्पेक्टरना आत्याने तो सापडलेला पंखा दुकानातच आणायला लावला. दारात निम्मा रस्ता जमला होता.

"शेठ, पंखा तुमचाच?"

"माझाच! कारखान्यातून आला तसा आहे."

आत्याने चाकूने एका स्क्रूवरचा पांढरा रंग खरवडला. खाली लाल ठिपका निघाला.

"माझी खूण!" दुरुस्तीवाली ओरडली.

"बघा, हिने उघडलाय!" शेठ म्हणाले. "कबूलच केलं!"

भाच्यानेही मान डोलावली.

"ठिपका रंगाच्या वर असता तर मीही मानलं असतं," आत्या म्हणाली. "तो खाली आहे. म्हणजे हिने कधीतरी दुरुस्त केला, मग तो भंगारात गेला आणि रंग नंतर बसला. भंगारातले जुने पंखे उचलणारा टेम्पो तुमचाच, शेठ. गोदामात रंगवलेत ते पंखे, भिंती नव्हे. जुने पंखे कोरे म्हणून विकलेत. नंतर चोरीचा बनाव केलात, विम्यासाठी. मागचं दार उघडं दिसलं तेव्हा पंखा इथे सरकवलात, म्हणजे समोरचं दुकानही बंद."

"पण इथे खरा कोरा पंखा का नाही ठेवला?" भाच्याने विचारलं.

"असता तर ठेवला असता! चाळीस सोड, एकही नव्हता." आत्या शेठकडे वळली आणि तिचा आवाज चढला. "ही बाई जुन्याला जुनं म्हणून पोट भरते. तुम्ही जुन्याला नवं म्हणून लोकांना लुबाडता, आणि वर चोराच्या उलट्या बोंबा! लाज नाही वाटत?"

"मंदी आहे हो," शेठ कसेबसे म्हणाले. "धंदा टिकवायचा तर..."

इन्स्पेक्टरनी त्यांचा दंड धरला. दुरुस्तीवाली दारात आडवी उभी राहिली.

"एक मिनिट, साहेब. शेठ, मला चोर म्हणालात ते त्या रस्त्याच्या मधोमध उभं राहून. आता तिथेच चला, आणि चोर कोण ते सांगा."

शेठ रस्त्यात जाऊन काहीतरी पुटपुटले.

"काल सगळ्या बाजाराला ऐकू गेलं होतं," ती म्हणाली. "तेवढ्या आवाजात."