चेंबरात अडकलेली पुंगळी

टी. नगरमध्ये साड्यांच्या दुकानावर सुनीतीचं तपास कार्यालय होतं. २००६ सालच्या एका मंगळवारी सकाळी अलकनंदा जिना चढून आली, ती डोळे पुसतच.

"शनिवारी नेमबाजीच्या संघातली माझी निवड हुकली, मॅडम. माझ्या रायफलमधून गोळी सुटायची, पण रिकामी पुंगळी नळीमागच्या चेंबरातच अडकायची. तिची कड पकडून बाहेर ओढणारा आकडा, एक्स्ट्रॅक्टर, सारखा निसटत होता. आज चार वाजता क्लब राघोत्तममामांना काढून टाकणार. बंदुका तेच दुरुस्त करतात."

"त्यांच्यावर आळ कुणी घेतला?"

तिची मान खाली गेली. "मीच. रागाच्या भरात."

सुनीतीचा थोरला भाऊ बाळकृष्ण बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिच्या मदतीला असे. पोरीकडे बघून त्याचा जीव कळवळला. "काडतुसंच खराब असतील," तो म्हणाला.

पण क्लबात विद्यालक्ष्मीने तो तर्क मोडीत काढला. अलकनंदाच्या जागी तिचीच निवड झाली होती.

"त्याच खोक्यातली साठ काडतुसं मी झाडली. एकही पुंगळी अडकली नाही. आणि बुधवारी मामांनी हिची रायफल तपासली तेव्हा मी शेजारीच होते. दहाच्या दहा पुंगळ्या उडाल्या."

"ह्या विद्यालक्ष्मीनेच काही केलं असेल," बाळकृष्ण सुनीतीच्या कानाशी कुजबुजला.

"रायफल बुधवारपासून अलकनंदाच्या घरी कुलपात होती, दादा."

राघोत्तम तंजावरकडचा, साठीचा माणूस. त्याच्या टेबलावर सगळी नव्या बनावटीची काडतुसं होती. जुन्या बनावटीची चार वर्षांत आलीच नव्हती.

"आकड्यावर कानशीच्या ताज्या खुणा आहेत," अलकनंदाची रायफल न्याहाळत सुनीती म्हणाली.

"माझं वय झालं, अम्मा. मला जाऊ द्या," तो दाराकडे बघत म्हणाला.

दारात अलकनंदाचे वडील दत्ताजी उभे होते. संरक्षण कारखान्यात तीस वर्षं फिटर होते ते. "मी रोज रायफल पुसतो फक्त," ते चाचरत म्हणाले.

अलकनंदाच्या पिशवीला एक जुनी पुंगळी लटकत होती. "पहिल्या पदकाची," ती म्हणाली. "बाबांनी घरी डबाभर जपल्यात. मी कधी स्क्रूलाही हात लावत नाही, सगळं तेच बघतात."

सुनीतीने रायफलचा बोल्ट, म्हणजे आकडा बसवलेला सरकता दांडा, काढून घेतला. नवी पुंगळी आकड्यात अडकवून उलटी धरली. ती टपकन पडली. जुनी अडकवली, ती घट्ट बसली. मग तिने व्हर्निअर मापपट्टीने दोन्हींच्या कडा मोजल्या आणि दत्ताजींना आत घेऊन दार लावलं.

"जुन्या पुंगळीची कड केसभर मोठी आहे. हा आकडा कुणीतरी जुन्या पुंगळीवर जुळवून घासला, म्हणून नवी त्यातून निसटते. मामांनी घासला असता तर टेबलावरच्या नव्या पुंगळीवर जुळवला असता. शिवाय बुधवारी रायफल ठीक होती, शनिवारी नव्हती. मधल्या दिवसांत ती ज्या घरात होती, तिथे जुन्या पुंगळ्या आहेत. आणि कानस चालवणारे हातही."

बाळकृष्णाला वाटलं, हिने हे बोललंच नसतं तर बरं.

दत्ताजी लेकीजवळ आले. "पुसताना आकडा हातातून पडला, टोक तुटलं. डोळ्यांना आता नीट दिसत नाही. वाटलं, घासून जमवू. सांगितलं असतं तर तू पुन्हा रायफल माझ्या हाती दिली नसतीस, पोरी. तुझी आई गेल्यापासून संध्याकाळी तेवढंच तर आपण एकत्र करतो."

"मामा, तुम्हाला ठाऊक होतं?" अलकनंदाने विचारलं.

"खुणा पाहताच ओळखलो. मला कानस धरायला ह्यांनीच शिकवलं. बापाची चूक लेकीसमोर मी कशी सांगू?"

अलकनंदाने वाकून त्याच्या पायांना हात लावला. "चूक माझी, मामा. तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता." मग ती एकटीच कमिटीच्या खोलीत गेली आणि आपली तक्रार मागे घेऊन आली.

राघोत्तमने नवा आकडा काढून बोल्टला लावला. दत्ताजींसाठी स्टूल ओढलं आणि एक नवी पुंगळी त्यांच्या तळहातावर ठेवली. "बोटांनी कड चाचपा, अण्णा. आकडा तिच्यावर बसला की नाही, तुम्हीच सांगा."

दोष रायफलचा होता म्हणून कमिटीने रविवारी फेरनिवड ठेवली, तीत साठच्या साठ पुंगळ्या उडाल्या. निवड झाल्याचं कळताच अलकनंदा वडिलांपाशी आली.

"चला बाबा, घरी. आज तेल मी लावते, पुसायचं तुम्ही. काही पडलंच, तर दोघं मिळून शोधू."