पहिलीच्या हातची चोळी

एक होता शिंपी, त्याची होती आई, नि होती दुसरेपणाची बायको. पहिली वारली होती. वारली, पण घरातून काही हलली नव्हती. हसू नका, घडलेलं आहे हे.

देवीचे नऊ दिवस चालू होते. आठव्या संध्याकाळी सून दिव्याचं तेल घेऊन आली, तर सासू देवीपुढच्या ताटात हिरवी चोळी ठेवत होती. दरवर्षी नवव्या दिवशी देवीच्या अंगावर हीच चोळी. पहिलीनं शिवलेली.

"आई, यंदा माझी लाल घालू या ना."

"तुझी टीप म्हणजे वाट चुकलेली मुंगी. तू आपलं तेल बघ."

चार वर्षं हेच. चहा केला तर पहिलीचा चहा, केर काढला तर पहिलीचा केर. जित्या सवतीशी भांडता तरी येतं. मेलेलीचं काय करणार? हिच्या जिवाचा नुसता कोळसा झाला होता.

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. दिवा विझू नये म्हणून ती एकटी जागत होती. आतल्या खोलीत नवरा घोरत होता, सासू घोरत होती. तिनं चोळी उचलली. ही उसवली की लालच घालावी लागेल! ब्लेडनं एक बाही सोडवली. दुसरीला हात घातला...

घराच्या पुढल्या दुकानात शिवणयंत्र चाललं.

खट खट खट.

मधल्या दाराला कुलूप. किल्ली हिच्याच कमरेला. आत घोरणं दोघांचं. ती थांबली. यंत्र थांबलं.

एक टाका कापला... खट.

आणखी एक... खट.

"ताई..." चार वर्षांत पहिल्यांदाच म्हणाली. "चुकलं माझं. पण मलाही देवीला... एकदा तरी..."

तिनं ब्लेड खाली ठेवलं.

यंत्र गप्प. मग चाललं. हळू. पार उजाडेपर्यंत.

सकाळी सासूनं ताट पाहिलं.

"मीच उसवली," सून म्हणाली.

सासूनं सुटलेली बाही उचलून पाहिली. "आता देवीला काय तशीच बसवतेस? आण तुझी लाल."

मग दुकानाचं कुलूप काढलं. सुईखाली इवलंसं झबलं होतं. टीप मोत्यासारखी. बाही एकच. दुसरी कापून, न शिवता बाजूला ठेवलेली.

घरात मूल नव्हतं. पोटात होतं, पण ते अजून तिलाही ठाऊक नव्हतं.

मुलगी झाली. गल्लीभर साखर वाटली. सासू चष्मा लावून ती राहिलेली बाही शिवायला बसली, तर सूनबाईनं झबलं हातातून ओढून घेतलं.

"ती ताईनं माझ्यासाठी ठेवलीय."